चाक कोण धरून ठेवतंय?

न्यूट्रलला टाकूनही गाडी उतारावर सरकत नाही, मायलेज घसरलंय आणि एका चाकाजवळ करपल्यासारखा वास येतोय? मग बहुधा ब्रेक चिकटतोय. दहा किलोमीटर चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ तळहात न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. एकच चाक शेजाऱ्यापेक्षा फार तापलं असेल तर दोष तिथेच.

पार्ट बदलण्याआधी मेकॅनिककडून एक चाचणी जरूर करून घ्या. ब्रेक दाबून सोडायचा, चाक जॅकवर उचलून हाताने फिरवायचं. अडलं, तर कॅलिपरचा ब्लीडर निपल किंचित सैल करायचा. ऑइल पिचकारीसारखं उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता. बऱ्याचदा रबरी होज आतून फुगून बंद झालेला असतो. तरीही घट्टच राहिलं, तर पिस्टन गंजलाय किंवा स्लाइड पिना सुकल्यात. पिना पुसून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

कोकणातल्या पावसात हँडब्रेक ओढून आठवडाभर उभ्या ठेवलेल्या गाडीचंही असंच होतं. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ओंडका लावणं बरं.

तापलेलं ब्रेक ऑइल उकळलं की पेडल थेट खाली जातं. करपल्याचा वास आला तर घाट उतरायला घेऊ नका.