पेडल असलं म्हणून सायकल होत नाही

सायकलच्या त्रिकोणी सांगाड्यात छोटं टू-स्ट्रोक इंजिन आवळायचं, मागच्या चाकाला जादा दातेरी चकती आणि चेन लावायची, वरच्या दांडीवर पेट्रोलची टाकी बसवायची, की झाली गाडी तयार. असं किट ऑनलाइन मागवता येतं आणि त्याच्या खोक्यातून एक समजूतही घरात शिरते: पेडल शाबूत आहेत, म्हणजे ही सायकलच; ना लायसन्स, ना नंबर प्लेट, ना विमा. ही समजूत खोडायला महाराष्ट्राबाहेर जायला नको. 1972 साली कायनेटिक इंजिनिअरिंगने आणलेल्या लूनाला पेडल होती. पेट्रोल संपलं तर ती मारत घर गाठता यायचं. तरी तिला नंबर प्लेट लागायचीच आणि चालवणाऱ्याला लायसन्सही. उलट आज ताशी 25 किलोमीटरच्या आत चालणाऱ्या, बॅटरीवरच्या काही स्कूटरना पेडल नावालाही नसतात आणि त्यांच्या मालकाला आरटीओची पायरी चढावी लागत नाही. पेडलवरून निवाडा होत असता, तर हे नेमकं उलट झालं असतं. गाडीला ढकलतंय कोण आणि किती जोराने, एवढंच कायदा पाहतो.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 2(28) मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे. यंत्राच्या जोरावर चालणारं आणि रस्त्यावर वापरण्याजोगं केलेलं वाहन म्हणजे मोटार वाहन. त्यातून जी मोजकी वाहनं वगळली आहेत, त्यांत चारपेक्षा कमी चाकांचं आणि 25 सीसीपर्यंतच्या इंजिनाचं वाहन येतं. पेट्रोलच्या सायकलीला मिळणारी सूट ती एवढीच. आता किटांकडे पाहू. ‘80 सीसी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नेहमीच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास 47 मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोक 38 मिलिमीटर असतो. गुणाकार केला की 66 सीसी भरतात. व्यास 40 मिलिमीटरचा असेल, तर 48 सीसी. विक्रेता आकडा फुगवतो ते सोडून देऊ, पण खरा आकडाही 25 च्या दुपटीपर्यंत किंवा त्याहून पुढे जातो. सरकारला ही जात माहीत नाही असंही नाही. ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत 25 सीसीवरच्या मोटराइज्ड सायकलचा वेगळा वर्गच आहे. इंजिन बंद ठेवून पेडल मारत निघालं, तरी फारसा फरक पडत नाही, कारण व्याख्या गाडी कशासाठी तयार केली आहे ते विचारते, त्या क्षणी ती कशाने चालली आहे ते नाही.

‘पन्नास सीसीपर्यंत लायसन्स लागत नाही’ हे वाक्य तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. त्याचं मूळ कलम 4 मध्ये असावं. गाडी चालवायला वय 18 पूर्ण हवं, पण 50 सीसीपर्यंतची मोटरसायकल 16 पूर्ण झालेल्याला चालवता येते, असं ते कलम म्हणतं. सूट वयाला आहे, लायसन्सला नाही. विनागिअर मोटरसायकलचं लायसन्स त्या सोळा वर्षांच्या मुलालाही काढावंच लागतं, आणि ते खिशात असलं तरी 110 सीसीची स्कूटर त्याला चालत नाही. लायसन्सच्या वर्गांत ‘मोपेड’ असा वेगळा वर्गही नाही. लूना काय, टीव्हीएस एक्सएल काय, दोन्ही विनागिअर मोटरसायकलीच.

ई-बाइकचा हिशोब मात्र वेगळ्या मापाने होतो. इथे एक चतुर युक्तिवाद हमखास ऐकू येतो: विजेच्या मोटरला सीसी नसतातच, मग शून्य हे 25 पेक्षा कमी नाही का? केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 2(u) ने ही पळवाट बुजवली आहे. मोटरची तीस मिनिटांची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी वगळून वजन 60 किलोपर्यंत, चांगले ब्रेक आणि पुढेमागे रिफ्लेक्टर, एवढं सगळं जुळलं तरच ते मोटार वाहन नाही. आणि जुळलं हे विक्रेत्याने सांगून भागत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने ते तपासलेलं असावं लागतं. वेगावरची मर्यादा काढून घेतलेली ई-बाइक म्हणूनच त्याच दिवशी सवलतीतून बाहेर पडते. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने 2022 मध्ये अशा गाड्यांविरुद्ध मोहीम उघडली, ती याच मुद्द्यावर. अमेरिकी व्हिडिओ पाहून 750 वॉटची मोटर बसवणाऱ्यांचाही इथेच घोटाळा होतो. तो तिथला आकडा आहे. गंमत म्हणजे त्याच अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, पेट्रोलवरच्या मोटराइज्ड सायकलला लायसन्स आणि प्लेट दोन्ही लागतात.

यावर एक आक्षेप मला रास्त वाटतो. 25 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन साधारण एक हॉर्सपॉवर, म्हणजे सुमारे 750 वॉट देतं. सवलतीतलं पेट्रोल इंजिन सवलतीतल्या विजेच्या मोटरच्या तिप्पट ताकदीचं, आणि कलम 2(28) त्याच्यावर वेगाची अटही घालत नाही. धूर सोडणाऱ्याला ढील आणि न सोडणाऱ्याला काच, ही विसंगती आहेच आणि ती दूर व्हायला हवी. पण तिचा फायदा 66 सीसीवाल्याने मागू नये. तो या सवलतीच्या जवळपासही नाही.

मग रीतसर पासिंग करून घेतलं तर? इच्छा चांगली आहे, वाट मात्र बंद आहे. नोंदणीसाठी अर्जासोबत डीलरचा विक्री दाखला म्हणजे फॉर्म 21, उत्पादकाचं रस्त्यायोग्यतेचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म 22, विमा, चॅसिस नंबर, इंजिन नंबर हे सगळं लागतं, आणि त्यामागे नियम 126 खाली त्या मॉडेलला मिळालेली मंजुरी. घरी जुळवलेल्या सायकलीचा उत्पादक कोण म्हणून लिहायचा? हा नुसता कागदी छळही नाही. रबरी गुटक्यांचे रिम ब्रेक माणसाच्या पायाच्या वेगासाठी असतात. त्यांना 66 सीसीचा वेग आवरतो की नाही, ते कुणीतरी तपासायला हवंच. किट खुलेआम विकलं जातं, म्हणजे ते कायदेशीर, हा तर्कही टिकत नाही. कलम 39 ची मनाई सार्वजनिक किंवा इतर कोणत्याही जागी विनानोंदणी चालवण्याला आहे, विकत घेण्याला नाही.

पकडलं गेल्यावर लायसन्सविना चालवल्याचा दंड 5,000 रुपये, विनानोंदणीचा पहिल्या खेपेला 5,000 पर्यंत, विम्याविना 2,000. चालवणारा अल्पवयीन असेल, तर कलम 199A नुसार पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडापेक्षा मोठा धोका अपघाताचा आहे. गाडी मोटार वाहन ठरली, की जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो, आणि विमा कंपनीच नसल्याने भरपाईची पूर्ण रक्कम मालकाच्या खिशातून वसूल होते. त्या रकमेला कायद्याने कमाल मर्यादा ठरवून दिलेली नाही.