चंचल मन आणि मेंदूतील डोपामाइन



आपल्या वस्तीत असा एखादा माणूस असतोच. शिकलेला, मनाने चांगला. पण हाती घेतलेले काम अर्धवट सोडणारा, किल्ली-पाकीट विसरणारा. वीजबिलाची तारीख चुकते, कामावर खाडे पडतात, नोकऱ्या सुटतात. घरचे म्हणतात आळशी, शेजारी म्हणतात बेजबाबदार. कुणी 'बाहेरचे' म्हणून भगताकडेही नेतो.

यांपैकी काहींना 'एडीएचडी' हा विकार असतो. त्यात लक्ष टिकत नाही, चंचलता व उतावीळपणा वाढतो. तो बालपणीच सुरू होतो आणि पुष्कळांच्या बाबतीत मोठेपणीही राहतो.

मेंदूतील पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. डोपामाइन हा त्यांतील एक निरोप्या. कामाची गोडी लागणे, फळाच्या आशेने नेटाने टिकणे, यात त्याचा मोठा वाटा असतो. एक पेशी त्याला सोडते, पुढच्या पेशीवरील 'ग्राहक' त्याला धरतात आणि 'वाहक' त्याला परत आत नेतात. २००९ साली अमेरिकेतील डॉ. नोरा व्होल्कॉव व सहकाऱ्यांनी औषध न घेतलेले ५३ प्रौढ रुग्ण आणि ४४ निरोगी माणसे यांच्या मेंदूचे ब्रुकहेवन प्रयोगशाळेत केलेले पेट स्कॅन प्रसिद्ध केले. प्रेरणेशी संबंधित भागांत रुग्णांचे ग्राहक व वाहक दोन्ही सरासरीने कमी आढळले. कंटाळवाण्या कामात मन का टिकत नाही, याचा एक धागा येथे मिळतो. मात्र डोपामाइन हे एकमेव कारण नाही. अनुवंशाचाही मोठा भाग आहे.

स्कॅनवरून निदान होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ बालपणापासूनची हकीकत विचारून ते करतात. मिथाइलफेनिडेट हे औषध वाहकांना अडवते, त्यामुळे डोपामाइन जास्त वेळ उपलब्ध राहते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कदापि घेऊ नये. समुपदेशन, कामाचे लहान तुकडे, भिंतीवरची यादी यांचाही उपयोग होतो. २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेत १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

'यांना डोके नाही' हा शिक्का आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला. तोच शिक्का आपण आपल्या घरातल्या माणसावर मारायचा काय? तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला शिकवले. भगताची पायरी चढण्याआधी डॉक्टरांची चढा, आणि त्या माणसाला एकटे पाठवू नका; घरातले कुणीतरी सोबत जा.