सांबरासाठी कुठला बोर? बंदुकीचे आकडे आणि कोकणातलं उत्तर

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'काय' बरेचसे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा प्रश्न एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवून विचारलाय, आणि तो आमच्या मालवणीतच आहे: "सांबरासाठी खयचो बोर बरो?"

आधी सरळ उत्तर देतो. भारतात सांबरासाठी कुठलाच बोर नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे आणि त्याच्या कलम ९ नुसार सांबर, भेकर, चितळ, पिसोरी यांची शिकार बंद आहे. वरच्या अनुसूचीतलं जनावर मारलं तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शौक म्हणून, मटणासाठी म्हणून, 'आजोबा करायचे' म्हणून, कशालाच सूट नाही.

मग भाग इथेच संपायला हवा, नाही का? पण प्रश्नाच्या पोटात एक दुसरा प्रश्न आहे. आपल्या जिल्ह्यात शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका घरोघरी नसल्या तरी वाडीवाडीत आहेत. त्यामुळे बोर म्हणजे काय, मोठा बोर म्हणजे जास्त ताकद का, आणि गोळी जाते तरी कुठवर, हे माहीत असलेलं बरं. मी बंदूकवाला नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. त्यामुळे आकड्यांच्या बाजूने जातो.

बारा बोर म्हणजे बारा काय?

गंमत अशी की बारा बोरातला 'बारा' हे माप लांबीचं नाहीच. एक पौंड शिसं घ्या, त्याच्या सारख्या बारा गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोब्बर बसेल ती बारा बोरची नळी. पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, भागिले १२, म्हणजे ३७.८ ग्रॅमची गोळी. शिशाची घनता ११.३ धरून व्यास काढला की १८.५ मिलिमीटर येतो. म्हणूनच वीस बोरची नळी बारा बोरपेक्षा बारीक असते. आकडा वाढला की नळी लहान.

रायफलचं उलट. तिथे आकडा म्हणजे थेट व्यास, तोही इंचात. .३१५ म्हणजे ०.३१५ इंच, आठ मिलिमीटर. .२२ म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. तेव्हा 'बारा मोठा की तीनशे पंधरा मोठा' या वादात दोघंही वेगवेगळ्या पट्टीने मोजत असतात.

जाडी की वेग?

आता ताकद. शाळेतलं सूत्र आठवा: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. वेगाचा वर्ग आहे, त्यामुळे वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट.

.२२ ची साधी गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला साधारण ३३० मीटर. ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आतबाहेर. .३०-०६ रायफलची गोळी ९.७ ग्रॅम, वेग ८८५ मीटर. ऊर्जा सुमारे ३८०० ज्यूल. व्यासात फरक दीडपटही नाही, ऊर्जेत पंचवीसपट. ३८०० ज्यूल म्हणजे किती? सिमेंटचं पन्नास किलोचं पोतं पावणेआठ मीटर वर चढवायला लागते तेवढी ऊर्जा.

जिथे हरणाची शिकार कायदेशीर आहे तिथे हाच हिशोब कायद्यात लिहिलेला असतो. इंग्लंडचा १९९१ चा हरणांविषयीचा कायदा बघा. मोठ्या हरणासाठी रायफल .२४० इंचापेक्षा बारीक नको आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा १७०० फूट-पौंड, म्हणजे सुमारे २३०० ज्यूलपेक्षा कमी नको. छोट्या जातींसाठी हद्द .२२० इंच आणि १००० फूट-पौंड. जनावर जखमी होऊन तडफडत पळू नये, एका गोळीत संपावं, हा त्यामागचा विचार. शिवाय तिथे आत फुलणारी गोळी सक्तीची आहे. पूर्ण धातूच्या कवचाची लष्करी गोळी आरपार जाते, जनावर मैलभर पळतं आणि झुडपात मरतं.

म्हणजे 'सुयोग्य बोर' तीन गोष्टींनी ठरतो: जनावर केवढं, अंतर किती, आणि गोळी आत गेल्यावर काय करते. आपल्याकडचं भेकर वीस-पंचवीस किलोचं, सांबराचा नर दोनशे किलोच्या वर. दोघांना एकच उत्तर कसं लागू होईल?

भारतातले आकडे वेगळे का?

कुणी म्हणेल, मग आपल्याकडे .३१५ च का ऐकू येतो? कारण ब्रिटिश काळात लष्कराची रायफल .३०३ होती. लष्कराची काडतुसं चोरून लोकांनी वापरू नयेत म्हणून लष्करी बोर सामान्य माणसाला बंद केले. ती विभागणी आजही परवान्याच्या भाषेत 'प्रोहिबिटेड बोर' म्हणून टिकून आहे. .३१५ ची काडतुसं लष्कराची नव्हेत, म्हणून ती रायफल परवानाधारकांसाठी राहिली. इशापूरच्या सरकारी कारखान्यात ती बनत आली, .३०-०६ सुद्धा. म्हणजे आपल्याकडचा बोर शिकारीच्या शास्त्राने कमी आणि सरकारच्या काळजीने जास्त ठरलाय.

आता आपल्या बागेत या

देवगड-जामसंड्यात बंदूक असते ती बहुतेक ठासणीची, नाहीतर एकनळी बारा बोर. ठासणीत वरून दारू, मग छर्रे ठासायचे, मागे केप लावायची. वानर-माकडं हाकलायला नुसता बार काढतात. खरा त्रास रानडुकरांचा. सुरण, कणगी, भात, नारळाची रोपं, एका रात्रीत नांगरल्यासारखं करून ठेवतात.

अशा वेळी कुणीतरी म्हणतो, "रायफल घे, लांबून मारता येईल." इथे आकडे कामाला येतात. .३०-०६ ची गोळी उंच सुटली तर चार-पाच किलोमीटर जाऊ शकते. एवढीशी दिसणारी .२२ ची गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाते. देवगड-जामसंडे एकच नगरपंचायत, वस्तीला वस्ती लागून. चार किलोमीटरच्या रेषेत किती घरं येतात ते नकाशावर पट्टी ठेवून बघा. आणि आपल्या झाडीत दिसतं किती? वीस-तीस मीटर. दोनशे मीटरचं हत्यार घेऊन करणार काय?

छर्ऱ्यांची ऊर्जा हवेत लवकर संपते, म्हणून वस्तीजवळ बारा बोर त्यातल्या त्यात बरी. पण तीस-चाळीस मीटरच्या पुढे छर्रे पसरतात आणि डुक्कर नुसतं जखमी होतं, आणि जखमी डुक्कर अंगावर येतं. बारा बोरमधून एकच मोठी गोळी मारली तर ती २८ ग्रॅमची, ३००० ज्यूलच्या वर. ती छर्ऱ्यांसारखी लवकर थांबत नाही.

त्यात आपली जमीन. मऊ माती गोळी गिळते. जांभा कातळ गिळत नाही, उसळवतो. सड्यावर तिरकी गोळी लागली की ती कुठे जाईल ते कुणाच्या हातात राहत नाही.

शेवटचा मुद्दा माणसांचा. आंब्याच्या हंगामात बागेबागेत राखणीला माणसं असतात, त्यातली बरीच नेपाळहून आलेली. ती मांगरात झोपतात, रात्री बॅटरी घेऊन फिरतात, कधी लघवीला उठतात. झाडीतला अंधार, पाचोळ्याचा आवाज आणि दोन चकाकणारे डोळे एवढ्यावर बार काढला तर समोर डुक्कर आहे की माणूस, हे गोळी सुटल्यावर कळतं. कोकणात शिकारीला गेलेल्या टोळीतल्याच माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. त्यातल्या एकाही बातमीत बोर चुकीचा होता म्हणून माणूस गेलेला नाही. पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं, म्हणून गेला.

मग करायचं काय?

पहिलं, नुकसान झालं की लगेच फोटो काढा आणि वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करा. दुसरं, रानडुकरासाठी महाराष्ट्रात २०१५ च्या शासन निर्णयाने वनक्षेत्रपालाकडे पारधीचा परवाना मागता येतो. तो लेखी हवा, त्यावर अटी असतात, आणि मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं. वाटे घालायचे नाहीत. तिसरं, शेतीसंरक्षणाचा शस्त्र परवाना म्हणजे पारधीचा परवाना नव्हे. दोन वेगळे कागद, दोन वेगळी कार्यालयं. चौथं, फासकी लावू नका. ती डुकरासाठी लावतात, पण तिला डुक्कर आणि बिबट्या यातला फरक कळत नाही.

आणि घरात बंदूक असेल तर बोर विचारण्याआधी एवढं विचारा: गोळी चुकली तर कशाला लागून थांबेल? समोर मातीचा बांध असेल तर उत्तर आहे. समोर सडा, रस्ता किंवा काळोख असेल तर घोड्यावरचं बोट काढा. डुक्कर उद्या परत येईल, तेव्हा बघू.