उदरपट्टाआडची ओळख

गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांध्यांत बिळे करणारा खेकडा असो वा सह्याद्रीतील ‘घाटियाना’, पाठीवरचे कठीण कवच आणि नांग्यांसह पायांच्या पाच जोड्या दोघांनाही असतात. म्हणून प्रजाती, म्हणजे निकटच्या जातींचा गट, केवळ रंगरूपावरून ठरत नाही. समीर कुमार पती व आर. एम. शर्मा यांनी २०१४ मध्ये घाटियाना ही नवी प्रजाती मांडली. अशा निर्णयात सर्वाधिक महत्त्व असते ते नराच्या दुमडलेल्या उदरपट्टाआड दडलेल्या जननपादांना, म्हणजे शुक्राणू मादीपर्यंत पोहोचवणाऱ्या रूपांतरित उपांगांना, आणि त्यांच्या टोकांचे बारकावे चिकाटीने न्याहाळणे हेच या शास्त्रातील खरे कसब होय. मादीचा उदरपट्ट मात्र रुंद असतो. गोड्या पाण्यातील खेकड्यांची डिंभावस्था, म्हणजे अळीरूप अवस्था, अंड्यातच पार पडत असल्याने पूर्ण घडलेली पिल्ले काही काळ आईच्या या रुंद उदरपट्टाखालीच बिलगून राहतात.