गियर पडत नाही? आधी केबल बघा

मांडव्याला एका स्पीडबोटीचा गियरच पडेना. मालक थेट गियरबॉक्स उघडायला निघाले होते. थांबवलं त्यांना!

मर्क्रूझरचा अल्फा वन ड्राइव्ह असेल, तर माझा पहिला संशय खालच्या शिफ्ट केबलवर. तिचा बेलोज फाटला की खारं पाणी शिरतं, आतली तार गंजून जड होते.

इंजिन बंद करा, किल्ली काढा. शिफ्ट प्लेटवरून रिमोटची केबल सोडवा. लीव्हर हलका चालला, तर दोष पुढे. मग खालची केबल हाताने सरकवा. सोबत्याला प्रोपेलर फिरवत ठेवायला सांगा, नाहीतर डॉग क्लचचे दात अडतात आणि चांगली केबलही खराब वाटते.

न्यूट्रलला आणताना इंजिन बंद पडतं? तरी बहुधा हीच केबल. ती जड झाली की इग्निशन क्षणभर तोडणारा स्विच दाबलेलाच राहतो. काहीजण तो स्विचच काढून टाकतात. कृपा करून नको!

केबलसोबत बेलोजही बदला.

काही अडलं तर ड्राइव्हचं मॉडेल लिहून विचारा.