विश्लेषण : हार्डवेअर वॉलेट असूनही क्रिप्टो चोरीला कसे जाते?

मुंबईस्थित 'वझीरएक्स' या क्रिप्टो एक्स्चेंजच्या वॉलेटमधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरचे, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांचे क्रिप्टो चलन लंपास झाले. या वॉलेटमधून रक्कम हलवायला अनेकांच्या सह्या लागत आणि एक्स्चेंजकडील सह्या हार्डवेअर वॉलेटवरूनच होत. पडद्यावर एक व्यवहार दिसला आणि सही भलत्याच व्यवहारावर झाली, असे कंपनीचे म्हणणे. वॉलेट व्यवस्थापन पाहणाऱ्या 'लिमिनल'ने मात्र आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचा इन्कार केला. सात महिन्यांनी, २१ फेब्रुवारी २०२५ रोजी 'बायबिट' या एक्स्चेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलर गेले. तिथेही हार्डवेअर वॉलेट होते, तिथेही सह्या अधिकृत व्यक्तींनीच केल्या होत्या.

हे उपकरण नेमके काय सांभाळते?

पेन ड्राइव्हएवढ्या या उपकरणात क्रिप्टो नाणी नसतात. असते ती ती खर्च करण्याची गुप्त 'प्रायव्हेट की'. वेबसाइट व्यवहाराचा तपशील उपकरणाकडे पाठवते, वापरकर्ता बटण दाबतो आणि सही झालेला व्यवहार बाहेर येतो. की आतच राहते. त्यामुळे संगणकात व्हायरस असला तरी त्याला ती उचलता येत नाही. पण सही कशावर होते आहे, हे ठरवण्याचे काम उपकरण करत नाही. चेकबुक तिजोरीत ठेवले आणि समोर आलेल्या कोऱ्या चेकवर सही केली, तर दोष तिजोरीचा नसतो.

वेबसाइट खरी असली तर?

तरीही धोका असतो. 'लेजर' ही फ्रेंच कंपनी हार्डवेअर वॉलेट बनवते. वेबसाइटवर वॉलेट जोडण्याची सोय देणारा तिचा 'कनेक्ट किट' हा तयार कोड अनेक क्रिप्टो वेबसाइट वापरतात. १४ डिसेंबर २०२३ रोजी हॅकरनी कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याला फसवून त्याच्या खात्यातून या कोडची विषारी आवृत्ती चढवली. ती सुमारे पाच तास उपलब्ध होती. नुकसान सहा लाख डॉलरच्या घरात गेले. वेबसाइटचा पत्ता अचूक होता, ब्राउझरमधले कुलूपही जागेवर होते. गंमत म्हणजे, दिलेल्या परवानग्या रद्द करण्यासाठी लोक जिथे जातात, ती 'रिव्होक डॉट कॅश' ही साइटही बाधित साइट्समध्ये होती. बायबिटच्या बाबतीतही व्यवहार दाखवणाऱ्या 'सेफ' या वेब वॉलेटच्या पानातला कोड बदलण्यात आला होता.

म्हणून संगणकाच्या पडद्यावर काय दिसते याला फारसे महत्त्व नाही. उपकरणाच्या छोट्या पडद्यावर रक्कम कोणती, पत्ता कोणाचा, हे वाचायचे. तिथे नुसतीच आकडे-अक्षरांची लांबलचक माळ दिसली किंवा 'ब्लाइंड सायनिंग' सुरू करायला सांगितले, तर नकाराचे बटण दाबलेले बरे. व्यवहार वाचता येईल अशा भाषेत दाखवण्याची सोय वाढते आहे, पण ती अजून सगळ्याच अ‍ॅपना लागू नाही.

मग जोडायचे कसे?

नुसते 'कनेक्ट' केल्याने वेबसाइटला फक्त तुमचा पत्ता आणि त्यातली शिल्लक कळते. पैसे जातात ते त्यानंतरच्या सहीने. यातली सर्वात फसवी सही 'अप्रूव्हल'ची. एखाद्या अ‍ॅपला आपली टोकन परस्पर उचलण्याची ती मुभा असते आणि अनेक अ‍ॅप ती अमर्याद मागतात. जेवढा व्यवहार तेवढाच आकडा तिथे भरता येतो. बहुतेक जण तो बदलत नाहीत. 'परमिट' नावाच्या प्रकारात सही करताना शुल्कही लागत नाही, त्यामुळे ती निरुपद्रवी वाटते. 'डिस्कनेक्ट' केले म्हणजे ही मुभा संपली, हा समजही चुकीचा. ती ब्लॉकचेनवर नोंदलेली असते आणि तिथेच वेगळा व्यवहार करून रद्द करावी लागते.

एकाच उपकरणावर अनेक खाती उघडता येतात. बचतीचे खाते कोणत्याही अ‍ॅपला जोडायचेच नाही आणि अ‍ॅपसाठीच्या खात्यात लागेल तेवढीच रक्कम वळवायची, हा उपाय फुकट आहे. परवानगी त्या-त्या पत्त्यापुरतीच असल्याने चूक झाली तरी बचत वाचते. साइट उघडताना सर्च इंजिनवरच्या जाहिरातीवर क्लिक करण्यापेक्षा स्वतः जतन केलेला बुकमार्क वापरावा.

उपकरण सुरू करताना मिळालेले १२ किंवा २४ शब्द कोणत्याही वेबसाइटवर टाइप करायचे नसतात, मग 'व्हेरिफिकेशन'चे कारण कितीही खरे वाटो.

चूक झालीच तर?

चुकीच्या अप्रूव्हलवर सही झाली असेल, तर उरलेली रक्कम ताबडतोब दुसऱ्या खात्यात हलवावी आणि ती परवानगी रद्द करावी. शब्दच फुटले असतील, तर त्यांच्यातून तयार झालेली सगळी खाती धोक्यात असतात. नव्या शब्दांवर नवे वॉलेट तयार करून सारे तिकडे न्यावे लागते. भारतात तक्रारीसाठी १९३० हा सायबर हेल्पलाइन क्रमांक आहे. तक्रार करताना व्यवहाराचा हॅश आणि ज्या पत्त्यावर रक्कम गेली तो पत्ता हाताशी ठेवावा.