आधी पिसू, मग ताट

पाळलेले कुत्रे सारखे अंग खाजवू लागले की धन्याचा पहिला संशय त्याच्या खाण्यावर जातो, मग दूध बंद होते, कोंबडीचे तुकडे बंद होतात, आणि तरीही खाज थांबली नाही तर ‘रक्त बिघडले’ असे म्हणून विषय मिटवला जातो. पशुवैद्यकाचा क्रम नेमका उलटा असतो. तेथे अन्नाची पाळी पिसवा आणि खरूज यांच्या नंतर येते.

अशा खाजेमागे अनेकदा ॲलर्जी असते. ही संज्ञा ऑस्ट्रियाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये वापरात आणली. परागकण, पिसवेची लाळ किंवा अन्नातले प्रथिन अशा एरवी निरुपद्रवी पदार्थाला शरीराची प्रतिकारयंत्रणा शत्रू समजते, त्याविरुद्ध बहुधा आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते, आणि पुढे तोच पदार्थ पुन्हा आला की त्वचेतील मास्ट पेशींमधून हिस्टामिनसारखी दाहक रसायने बाहेर पडतात. माणूस यामुळे शिंकू लागतो. कुत्र्यात मात्र परिणाम मुख्यतः कातडीवर दिसतो, म्हणजे ते पंजे चाटते, त्याच्या काखा व जांघा लाल होतात आणि कान वारंवार वाहू लागतात.

शेपटीच्या बुडाशी व मांड्यांच्या मागे केस झडले असतील, तर दोष बहुधा पिसवांचा असतो, कारण लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावेही पुरतात. पिसू दिसत नाही म्हणून ती नाहीच असे समजू नये: केसांतली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली आणि तिच्याभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पचलेले रक्त असलेली पिसवांची विष्ठा होय. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढ्यासारख्या धानपट्ट्यातील गावात कुत्रे तणसावर, गोठ्यात किंवा मातीच्या अंगणात निजते. त्याच्या अंगावरून गळलेली अंडी तेथेच उबतात, अळ्या त्या विष्ठेवर वाढतात आणि कोषातली पिसू भक्ष्याची चाहूल लागेपर्यंत महिनोन् महिने थांबू शकते. त्यामुळे औषध एकदा देऊन भागत नाही. ते काही महिने सलग आणि घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला द्यावे लागते, मात्र कुत्र्याचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराच्या जिवावर बेतते. जळके ऑइल किंवा फिनाइल चोळण्याचे उपाय त्वचा भाजतात, आणि चाटल्यावर तेच विष पोटातही जाते.

कानाच्या कडा आणि पायांची कोपरे खवल्यांनी भरली असतील, तर ती सूक्ष्म किडीमुळे होणारी खरूज असू शकते. ती संसर्गजन्य असून घरातल्या माणसांनाही काही काळ खाज आणते.

एवढे निस्तरूनही खाज बारमाही राहिली, तर अन्नाचा विचार करावा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची ॲलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांपैकी ३४ टक्क्यांना गोमांस, १७ टक्क्यांना दुग्धजन्य पदार्थ, १५ टक्क्यांना कोंबडी व १३ टक्क्यांना गहू बाधत असल्याचे आढळले. ही यादी जशीच्या तशी येथे लागू करणे चुकीचे ठरेल, कारण कुत्र्याला बाधते ते बहुधा त्याच्या नेहमीच्या ताटातलेच असते, आणि कोंढ्यातल्या कुत्र्याचे ताट भात, वरण, दूध, पोळी आणि उरलेला रस्सा यांचे असते.

रक्तचाचणी यात विश्वासार्ह नाही. निदानासाठी परिहार-आहार, म्हणजे पूर्वी कधीही न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ एवढेच देण्याची पद्धत, किमान आठ आठवडे पाळावी लागते. तेवढ्या काळात नव्वद टक्क्यांहून अधिक अन्नबाधित कुत्र्यांत फरक दिसतो. ज्या घरात मासे शिजत नाहीत तेथील कुत्र्याला तळ्यातली मासळी काटे काढून, उकडून आणि भाताऐवजी रताळ्यासोबत देता येईल. धानाच्या बांधीत उतेरा (उभ्या धानातच पेरलेले पुढचे पीक) म्हणून निघणारी लाखोळीची डाळ मात्र वापरू नये. तिच्यातील मज्जाविषामुळे ती आठ आठवडे एकमेव प्रथिन म्हणून देणे धोक्याचे आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. गावातले कुत्रे एका घराचे नसून सबंध आळीचे असते, आणि शेजारच्या दारात मिळालेला बिस्किटाचा तुकडा सारा प्रयोग निकामी करू शकतो. म्हणून ते बांधून ठेवावे लागते, शेजाऱ्यांना सांगावे लागते आणि चवदार जंतनाशक गोळीसुद्धा टाळावी लागते. खाज थांबल्यावर जुने अन्न पुन्हा देऊन पाहण्याची पायरी बहुतेक धनी गाळतात, वास्तविक दोन आठवड्यांच्या आत खाज परतली तरच निदान पक्के होते.

अन्नही निर्दोष ठरले, तर उरते ती धुळीतील सूक्ष्म कीटक व परागकण यांची ॲलर्जी, जी बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होते. ती मुळापासून बरी होत नाही, पण काबूत ठेवता येते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड औषध स्वस्त व तत्काळ गुणकारी असले तरी दीर्घकाळ दिल्यास तहान, भूक व लघवी वाढवते आणि चालू असलेल्या आहारप्रयोगाचा निष्कर्षही झाकून टाकते. २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ओक्लासिटिनिब हे औषध खाजेचा संदेश वाहणाऱ्या इंटरल्युकिन-३१ या प्रथिनाचे काम रोखते. ते महाग असून रोज घ्यावे लागते. गुंतागुंतीच्या रुग्णासाठी कोंढ्याहून नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठता येते, मात्र जाताना खाज कोणत्या महिन्यात वाढते आणि कुत्रे कोणाकोणाच्या दारी जेवते याची नोंद सोबत न्यावी.